एकट्याचे जेवण : एक कुकर, एक तवा आणि रोजचा अर्धा तास

लंडनमध्ये शिकत असताना बाबासाहेबांनी पोटाला किती चिमटा काढला, हे आपल्या घरांत लहानपणापासून सांगितले जाते. अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. स्वस्तातली खोली, घरमालकिणीकडचा सकाळचा तुटपुंजा नाश्ता, मग दिवसभर ग्रंथालयात वाचन, आणि रात्री भूक सहन होईना की ओळखीच्या माणसाने दिलेले पापड भाजून कपभर दुधाबरोबर खाणे, असे त्या दिवसांचे वर्णन त्यांच्या चरित्रांत वाचायला मिळते.

ही हकिकत ऐकताना आपला ऊर भरून येतो. पण शहरात खोली करून राहणाऱ्या मुलामुलींची तपासणी करताना आम्हाला एक वेगळीच गोष्ट दिसू लागली आहे. काही मुले हीच हकिकत स्वतः न जेवण्याचे कारण म्हणून सांगतात. ‘बाबासाहेब पापडावर राहिले, आम्हाला वडापाव तरी मिळतो,’ असे स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक विद्यार्थी आम्हाला हसत हसत म्हणाला. चार महिन्यांत त्याचे वजन सहा किलोने उतरले होते. दुपारी अभ्यासिकेत पुस्तकावर डोके टेकत होते. संध्याकाळ झाली की डोकेदुखी ठरलेली.

त्याला आम्ही एवढेच सांगितले : बाबासाहेबांपुढे दुसरा मार्ग नव्हता, तुझ्यापुढे आहे. त्यांच्याकडून अभ्यास घ्यायचा, उपासमार नाही. तथागतांनीही देह सुकवणारी कठोर तपश्चर्या करून पाहिली, ती निष्फळ आहे हे ओळखले, आणि सुजाताने दिलेली खीर स्वीकारली. उपाशी देहात विचार धड चालत नाही, हा त्यातला साधा आरोग्यपाठ आहे.

म्हणून या वेळी आम्ही एकट्याच्या स्वयंपाकाबद्दल लिहीत आहोत. शिकायला आलेली मुले-मुली, कंपनीत पाळीवर जाणारे कामगार, रात्रपाळी करणाऱ्या परिचारिका, जोडीदार गेल्यावर घरात एकटे उरलेले आजी-आजोबा, या सगळ्यांसाठी हा पाठ आहे.

एकट्याचे जेवण बिघडते कुठे?

पहिले कारण पैशाचे वाटते, पण नेहमी तेच नसते. ‘एकट्यासाठी कशाला चूल पेटवायची?’ हा विचार जास्त नुकसान करतो. पाहुणा आला तर आपण दोन भाज्या करतो, स्वतःसाठी मात्र चहात बिस्किट बुडवून वेळ मारून नेतो. जणू आपण स्वतः जेवू घालण्याच्या लायकीचे माणूसच नाही!

दुसरे कारण घरातल्या शिकवणुकीचे आहे. मुलाला आपण शिकवतो, वसतिगृहात पाठवतो, पण जाण्याआधी वरण-भात लावायला शिकवत नाही. मुलींना स्वयंपाक येतो, पण तो दुसऱ्यांना वाढण्यासाठी. एकटी राहू लागली की तीच मुलगी सकाळचा नाश्ता टाळते आणि रात्री ‘भूक नाही’ म्हणून झोपते. आपल्या मुलींमध्ये रक्त कमी असणे इतके सर्रास आढळते की थकव्याला आता कोणी आजार समजत नाही.

वर सांगितलेल्या विद्यार्थ्याला आम्ही एका दिवसाचे खाणे कागदावर लिहायला लावले. सकाळी चहा आणि बिस्किटे. अकरा वाजता पुन्हा चहा. दुपारी मेसच्या चार पोळ्या, बटाट्याची भाजी, पातळ वरण. संध्याकाळी दोन वडापाव आणि चहा. रात्री इन्स्टंट नूडल्स. पोट भरलेले होते, पण दिवसभरात डाळ जेमतेम दोन चमचे, पालेभाजी नाही, फळ नाही, अंडे नाही, दूध फक्त चहातले. आणि तीन चहांबरोबर आलेली साखर. कागद पाहून तो स्वतःच म्हणाला, ‘यात जेवण असे काही नाहीच.’

आमची वाचकांना पहिली विनंती हीच आहे. आजचे खाणे एका कागदावर लिहा. खोटे लिहू नका, कोणाला दाखवायचे नाही.

ताटात काय हवे?

सोपा हिशेब असा. निरोगी प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज साधारण ०.८ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ५५ किलोच्या माणसाला सुमारे ४५ ग्रॅम. ती कशातून मिळतात ते पाहू. पाव वाटी (सुमारे ३० ग्रॅम) कोरड्या डाळीतून ७ ग्रॅम, एका अंड्यातून ६ ग्रॅम, मूठभर (२५ ग्रॅम) शेंगदाण्यांतून ६ ग्रॅम, मोठ्या पेलाभर दुधातून ८ ग्रॅम, २५ ग्रॅम सोयाबीन वड्यांतून १२ ते १३ ग्रॅम. ज्वारी, गहू, तांदळातूनही थोडी थोडी मिळतात.

धान्य आणि डाळ एकत्र खाण्यामागे कारण आहे. धान्याच्या प्रथिनांत जो घटक कमी असतो तो डाळीत भरपूर असतो, आणि डाळीत जो कमी तो धान्यात असतो. आपल्या आज्या-पणज्यांनी भाकरीबरोबर पिठले किंवा हुलग्याचे माडगे ठेवले, ते शास्त्राला धरूनच होते. खिचडीही त्याच हिशेबात बसते.

रक्तासाठी पालेभाजी, मेथी, शेवग्याचा पाला, हुलगे, मटकी खा आणि त्यावर लिंबू पिळा. लिंबामुळे अन्नातले लोह शरीरात चांगले शोषले जाते. उलट जेवणावर लगेच चहा घेतला तर लोह कमी शोषले जाते, म्हणून जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवा. लोखंडी तवा-कढई वापरली तर थोडे लोह त्यातूनही मिळते.

म्हणजे रोज एवढेच लक्षात ठेवायचे : एक धान्य, एक डाळ किंवा अंडे, एक भाजी, आणि वर लिंबू किंवा एखादे फळ. केळे आणि पेरू ही स्वस्त आणि चांगली फळे आहेत.

भांडी आणि शिधा

नवीन खोलीत फार सामान लागत नाही. तीन लिटरचा कुकर, लोखंडी तवा, एक कढई किंवा पातेले, सुरी, उलथने, डाव, एक ताट, दोन वाट्या आणि घट्ट झाकणाचे पाच-सहा डबे एवढे पुरे.

खोली घेतानाच स्वयंपाक चालेल का ते विचारून घ्या. ‘अंडी-मासळी चालणार नाही’ म्हणणारे घरमालक भेटतात, आणि त्या अटीमागे कधी कधी जातीची चौकशी दडलेली असते, हे आपल्याला नवे नाही. तो प्रश्न वेगळा आणि मोठा आहे. पण अशा खोलीत राहावे लागलेच तर डाळ, शेंगदाणे, सोयाबीन वड्या, दूध-दही यांवर प्रथिनांचा हिशेब भरून काढता येतो. अट घरमालकाची असली तरी अशक्तपणा आपल्या वाट्याला येऊ देऊ नका.

शेगडीसाठी दोन पर्याय आहेत. पत्त्याचा पुरावा नसणाऱ्यांना पाच किलोचा छोटा गॅस सिलिंडर ओळखपत्रावर अधिकृत विक्रेत्याकडे मिळतो. तो रस्त्यावरच्या दुकानात भरून घेऊ नका, त्यातून स्फोट होतात. इंडक्शन शेगडी वापरायची तर तिच्यावर चालणारी सपाट बुडाची भांडी हवीत, साधे ॲल्युमिनियम तिच्यावर तापत नाही. खोलीतली वायरिंग जुनी असेल तर आधी वायरमनला दाखवा. गॅस असो की इंडक्शन, खिडकी उघडी ठेवूनच स्वयंपाक करा.

महिन्याचा शिधा : तांदूळ, ज्वारीचे किंवा गव्हाचे पीठ, मूगडाळ, तूरडाळ, बेसन, मटकी, शेंगदाणे, पोहे, तेल, मीठ, हळद, तिखट, जिरे, मोहरी. कांदा, लसूण, बटाटा आठवड्याचा आणा. पालेभाजी आणि टोमॅटो दोन दिवसांचे. गावाहून येताना आईकडून शेंगदाण्याची, जवसाची, कारळाची कोरडी चटणी आणा, ती टिकते. अंडी एका वेळी सहाच घ्या.

शिष्यवृत्तीचे किंवा घरून येणारे पैसे थांबले की पहिली काटछाट जेवणातच होते. म्हणून पैसे आले त्याच दिवशी शिधा भरा, मग बाकीचा खर्च. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी असलेल्या स्वाधार योजनेत भोजनभत्ता वेगळा धरलेला आहे. तो भत्ता मोबाइलच्या हप्त्यासाठी नाही, हे आम्ही स्पष्टच सांगतो.

चार पदार्थ, जे कोणालाही जमतील

*१. मूगडाळ खिचडी.* अर्धी वाटी तांदूळ आणि पाव वाटी मूगडाळ धुऊन घ्या. कुकरमध्ये दोन चमचे तेल तापवा, जिरे, दोन पाकळ्या लसूण, चिरलेला कांदा परता. हळद, तिखट, मीठ घाला. एक टोमॅटो आणि हाताला येईल ती भाजी टाका : गाजर, दुधी, पालक, शेवग्याचा पाला, काहीही चालते. डाळ-तांदूळ घालून अडीच वाट्या पाणी ओता. तीन शिट्ट्या, मग गॅस बंद. वाफ आपोआप जिरू द्या. वरून लिंबू पिळा, सोबत शेंगदाण्याची चटणी. डाळ-तांदळातून सुमारे ११ ग्रॅम आणि चटणीतून आणखी काही प्रथिने मिळतात. भिजवून पिळलेल्या सोयाबीन वड्या घातल्या तर आणखी १२. सगळे मिळून अर्धा तास, आणि घासायला एकच भांडे.

कुकर नवीन असणाऱ्यांसाठी सूचना : डाळ किंवा खिचडी असेल तेव्हा कुकर निम्म्यापेक्षा जास्त भरू नका, फेस वर येऊन शिट्टीचे छिद्र बुजते. लावण्याआधी ते छिद्र मोकळे आहे का पाहा. वाफ असताना झाकण जोर लावून कधीही उघडू नका. रबर सैल झाले की बदला.

*२. पिठले आणि भाकरी.* वाटीचा तिसरा हिस्सा बेसन दीड वाटी थंड पाण्यात आधीच कालवून घ्या, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. कढईत तेल, मोहरी, जिरे, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, कांदा, हळद. त्यात कालवलेले पीठ ओतून सतत ढवळा. घट्ट होऊ लागले की मीठ, कोथिंबीर घालून झाकण ठेवा आणि मंद आचेवर पाच मिनिटे शिजू द्या. कच्च्या बेसनाने पोट दुखते, म्हणून ही पाच मिनिटे चुकवू नका.

भाकरी थापायला वेळ लागतो, पहिल्या दहा मोडतीलच. पीठ कढत पाण्याने भिजवले आणि तळहाताने चांगले मळले तर चिरा कमी पडतात. तोवर थालीपीठ लावा : ज्वारीचे पीठ, थोडे बेसन, चिरलेला कांदा, मेथी, तिखट, मीठ एकत्र भिजवून तव्यावरच हाताने थापायचे, मग तवा गॅसवर ठेवायचा. हे मोडत नाही.

*३. मटकीची उसळ.* सकाळी अर्धी वाटी मटकी भिजवा. रात्री पाणी काढून ओल्या फडक्यात बांधा. दुसऱ्या दिवशी मोड येतात. कांदा-टोमॅटोची फोडणी करून मटकी घाला, ती बुडेल एवढे पाणी, कढईत झाकण ठेवून पंधरा-वीस मिनिटे शिजवा. हे दोन वेळेला पुरते : एकदा भाकरीबरोबर, एकदा भाताबरोबर. मोड आलेली कडधान्ये कच्ची खाण्यापेक्षा शिजवून खाणे पोटाला चांगले.

*४. अंडी किंवा सुकट.* दोन अंड्यांची भुर्जी दहा मिनिटांत होते आणि १२ ग्रॅम प्रथिने देते. अंडी उकडून ठेवली तर सकाळी अभ्यासिकेत जाताना खाता येतात. सुकट हे आपल्या घरांतले जुने आणि सकस अन्न आहे. मूठभर सुकट कोरडी भाजून कोमट पाण्यात दोनदा धुऊन घ्या, म्हणजे रेती आणि जास्तीचे मीठ निघून जाते. मग कांदा-टोमॅटोवर परता. रक्तदाब असणाऱ्यांनी मात्र सुकट, पापड, लोणचे कमीच खावे. दिवसाचे एकूण मीठ एका लहान चमच्याच्या आत, म्हणजे ५ ग्रॅमपर्यंत असावे.

रोजचा क्रम कसा बसवावा

दोन्ही वेळा स्वयंपाक करण्याचा निश्चय करू नका, तो तिसऱ्या दिवशी मोडतो. दिवसातून एकदाच शिजवा. मेस असेल तर दुपारचे जेवण मेसमध्ये आणि रात्रीचे घरी. मेसच्या जेवणात एक उकडलेले अंडे, एक काकडी किंवा वाटीभर दही स्वतःचे घाला, ताट सुधारते.

रविवारी आठवड्याची तयारी करा. शेंगदाणे भाजून कूट करा, लसूण सोलून ठेवा, मटकी भिजवा, डाळी निवडा. मग सोमवारी खिचडी, मंगळवारी उसळ-भाकरी, बुधवारी उरलेली उसळ आणि भात, गुरुवारी पिठले, शुक्रवारी अंडी, शनिवारी वरण-भात आणि पालेभाजी. असा क्रम भिंतीवर लावला की ‘आज काय करू?’ हा प्रश्नच राहत नाही. थकून आल्यावर माणूस त्या प्रश्नापुढेच हरतो आणि वडापावच्या गाडीकडे वळतो.

दोघे-तिघे एकत्र राहत असाल तर पाळी लावा. ज्याने शिजवले त्याने भांडी घासायची नाहीत, हा नियम पहिल्याच दिवशी ठरवा. खोल्यांतली निम्मी भांडणे भांड्यांवरूनच होतात.

उरलेले अन्न

शिजवलेला भात उन्हाळ्यात रात्रभर ओट्यावर ठेवू नका. भातात असे जंतू असतात की जे शिजवूनही पूर्ण मरत नाहीत, उबेत वाढतात आणि त्यांचे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. उलट्या-जुलाब होतात ते यामुळे. भात-वरण निवले की दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी चांगली वाफ येईपर्यंत तापवून संपवा. फ्रिज नसेल तर एका वेळेचेच शिजवा. भाकरी, थालीपीठ, कोरडी चटणी हे सकाळपर्यंत राहते.

एकटे राहणारे ज्येष्ठ आणि मधुमेहाचे रुग्ण

जोडीदार गेल्यावर अनेक आजोबा वर्षभरात खंगतात. मुले म्हणतात दुःखाने. दुःख असतेच, पण पुष्कळदा स्वयंपाक येत नसल्याने ते चहा-पावावर दिवस काढत असतात आणि सुनेला सांगायला संकोचतात. अशा घरी गेल्यावर ‘कसे आहात?’ एवढेच विचारू नका, ‘सकाळी काय खाल्ले?’ असे विचारा. दात नसतील त्यांना मऊ खिचडी, ज्वारीची आंबील, दुधात कुस्करलेली भाकरी, घोटलेली डाळ-पालक चालते.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने जेवण टाळणे धोक्याचे आहे. औषध घेतले आणि जेवले नाही तर साखर एकदम उतरू शकते. घाम, हातापायांना कंप, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी अशी लक्षणे दिसली तर शुद्धीवर असताना तीन लहान चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्या. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा तेवढीच घ्या, आणि नंतर जेवा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काही घालू नका, दवाखान्यात न्या. एकट्या राहणाऱ्याने शेजाऱ्याला आपल्या आजाराची आणि औषधाची माहिती देऊन ठेवावी. मधुमेह असणाऱ्यांनी खिचडीत तांदूळ कमी, डाळ आणि भाजी जास्त असे प्रमाण धरावे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

एवढे करा

त्या विद्यार्थ्याने पहिल्या आठवड्यात खिचडी दोनदा करपवली, एकदा मीठच घातले नाही. तिसऱ्या आठवड्यात त्याने आम्हाला फोनवर विचारले, ‘पिठल्यात मेथी घातली तर चालेल का?’ तेव्हा तो आता उपाशी राहणार नाही, याची आम्हाला खात्री पटली. दोन महिन्यांनी त्याचे तीन किलो वजन भरून आले होते.

पालकांना आमचे सांगणे आहे : दहावी-बारावीनंतर मूल बाहेरगावी जाणार असेल तर मे महिन्याच्या सुट्टीत त्याला हे चार पदार्थ शिकवा. मुलाला तर आधी शिकवा. बॅगेत पुस्तकांबरोबर कुकरही द्या.

आणि जे आज एकटे आहेत त्यांना : रात्री खोलीवर परतल्यावर आधी कुकर लावा, मग मोबाइल हातात घ्या. तीन शिट्ट्या होईपर्यंत हातपाय धुऊन होतात. ताट वाढून घ्या, भांड्यातून उभ्याने खाऊ नका. पाहुण्याला वाढावे तसे स्वतःला वाढा. जे मोठे काम करायला तुम्ही घर सोडून आलात, ते याच देहाकडून करून घ्यायचे आहे.